हक्काचे सात दिवस

‘टाइमशेअर’ हा शब्द मुळात सुट्ट्यांचा नाहीच. तो संगणकवाल्यांचा. १९६०च्या दशकात संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलं, प्रचंड किमतीचं यंत्र. ते एकट्याला परवडणारं नव्हे, आणि एकट्याच्या कामाने दिवसभर गुंतूनही राहायचं नाही. म्हणून एकाच यंत्राचा वेळ अनेकांनी वाटून घ्यायचा, अशी युक्ती निघाली. पुढे सुट्टीच्या घरांच्या धंद्यातही हेच नाव रुळलं. याला मराठीत प्रतिशब्द नाही असं लोक म्हणतात. माझ्या मते आहे, आणि चांगला जुना आहे : पाळी.

पटत नसेल तर बघा. धुळे-नाशिकच्या बाजूला पांझरेसारख्या नद्यांवर बंधारे घालून, पाट काढून, फडाफडाला पाळीपाळीने पाणी द्यायची पद्धत काही शतकं चालत आली आहे. पाटकरी पाट फोडतो तो ठरलेल्या क्रमानेच. सामाईक विहिरींचं तेच. माझ्या आजोळच्या विहिरीत तिघांचे हिस्से होते, एकाचे आठ आणे, दोघांचे चार-चार. आठ दिवसांतले चार दिवस पहिल्याची मोट, मग दोन दिवस दुसऱ्याची, दोन दिवस तिसऱ्याची. देवस्थानांतल्या पूजेच्या पाळ्या तर चक्क मिळकत समजल्या जात. भावाभावांत वाटणी झाली की पाळीचे दिवसही वाटले जायचे, आणि पिढ्या वाढतील तसे एकेकाच्या वाट्याचे दिवस घटत जायचे. त्यावरून झालेले खटले मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहेत.

या जुन्या पाळ्यांची दोन लक्षणं आहेत. पहिलं म्हणजे दिवस ठरलेला. मंगळवार माझा म्हणजे माझाच, त्यासाठी कोणाला विचारायला जायचं नाही. दुसरं म्हणजे खर्च. विहिरीतला गाळ काढायचा झाला तर तिघा हिस्सेदारांनी बसून ठरवायचं, किती मजूर, किती पैसे. भांडणं व्हायची, नाही असं नाही. पण ठरवणारेही तेच आणि देणारेही तेच.

हे सगळं उकरून काढायचं कारण माझी भाची. ती आणि तिचे यजमान दोघे पुण्यात नोकरी करतात, मुलगी पाचवीत आहे. एका कंपनीने त्यांना २५ वर्षांचं सुट्टीचं सभासदत्व देऊ केलं आहे. दर वर्षी सात रात्री, देशभरातल्या त्यांच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये. पाच लाखांच्या घरात किंमत, शिवाय दर वर्षीची वर्गणी वेगळी. तेवढे पैसे त्यांनी मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून साठवायला सुरुवात केली होती. दुसरीकडे माझ्या बहिणीचे गुडघे, म्हणजे भाचीच्या आईचे, दर वर्षी थोडे थोडे कुरकुरायला लागले आहेत, आणि आईला घेऊन चार ठिकाणी जायचं ते आत्ताच, असं भाचीला वाटतं. तिचंही खरंच आहे. तिने कराराचे कागद मला पाठवले आणि म्हणाली, "मावशी, तू इतिहास शिकवलास ना, मग याचाही सांग." थट्टेत म्हणाली होती. मी मनावर घेतलं!

तर इतिहास असा.

१९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये अलेक्झांडर नेटे आणि गिडो रेंगली या दोघांनी हापिमाग नावाची कंपनी काढली. लोकांनी कंपनीचे भाग घ्यायचे, कंपनीने त्या पैशातून निरनिराळ्या देशांत सुट्टीची घरं घ्यायची आणि भागधारकांनी ती आळीपाळीने वापरायची. हे माझ्या आजोळच्या विहिरीच्या बरंच जवळचं आहे, कारण वापरणारे तेच मालक. ही कंपनी अजून चालू आहे. त्याच दशकात फ्रान्समध्ये आल्प्सच्या डोंगरातल्या सुपरदेवोलुई या बर्फावरच्या खेळांच्या गावी दुसरा प्रकार सुरू झाला. तिथला मुद्दा असा होता की दर वर्षी हॉटेलची खोली भाड्याने कशाला घेता, त्यापेक्षा हॉटेलचाच तुकडा घ्या.

इथवर सगळं साधं होतं. धंदा म्हणून त्याला खरं रूप आलं ते अमेरिकेत, आणि तेही अडचणीपोटी. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या फ्लॅटच्या इमारतीच्या इमारती उठल्या होत्या. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं, मंदी आली, आणि फ्लॅट पडून राहिले. अख्खा फ्लॅट घ्यायला गिऱ्हाईक नाही, मग आठवड्याआठवड्याने विका! वर्षाचे आठवडे ५२. एखाददुसरा रंगरंगोटीला, दुरुस्तीला ठेवला तरी एका फ्लॅटला पन्नास गिऱ्हाइकं. समजा फ्लॅटची किंमत पन्नास हजार डॉलर, तर आठवड्याला हजार डॉलर पडायला हवेत. पण हजाराला कोण विकतो? तीन हजाराला विकला तरी घेणाऱ्याला तो स्वस्तच वाटतो, कारण तो तुलना करतो ती अख्ख्या फ्लॅटच्या किमतीशी. हा मधला फरक विक्रेत्यांच्या कमिशनला, जाहिरातींना, फुकट जेवणांना आणि नफ्याला जातो. आजही आपल्याला मॉलमध्ये कूपन भरायला लावून, "तुम्ही निवडले गेला आहात, दोघांनी मिळून या" असा फोन येतो, त्या सगळ्या खटाटोपाचा खर्च या फरकातूनच निघतो. दोघांनी मिळूनच का, तर "घरी विचारून सांगतो" ही पळवाट राहू नये म्हणून. (आमच्या शाळेत पालकसभेला दोघांना बोलावलं तर एकही येत नसे, ते असो.)

१९७४ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी फोर्ट लॉडरडेलच्या कॅरिबियन इंटरनॅशनल कॉर्पोरेशनने मालकी न देता २५ वर्षांचा ‘सुट्टीचा परवाना’ विकायला काढला. भाचीच्या कागदांवरचे २५ वर्षं आणि "मालमत्तेत कोणताही हक्क नाही" हे कलम म्हणजे त्याच परवान्याचं रूप. आणि त्याच वर्षी इंडियानापोलिसमध्ये जॉन आणि क्रिस्टेल डिहान या नवरा-बायकोने आरसीआय ही अदलाबदलीची संस्था सुरू केली. एकच आठवडा, एकच फ्लॅट, दर वर्षी तोच समुद्र, याला माणसं कंटाळणारच. मग तुमचा आठवडा आमच्याकडे जमा करा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या गावचा घ्या. कल्पना फार चांगली होती. १९९६ मध्ये ही संस्था ८० कोटी डॉलरच्या वर किमतीला विकली गेली, यावरून काय ते समजा.

माझ्या मते मोठा बदल झाला तो इथे. अदलाबदल आली तसा ठरलेला आठवडा मागे पडत गेला. आधी ‘तरंगता’ आठवडा आला, म्हणजे अमुक हंगामातला कुठलाही, मागाल आणि शिल्लक असेल तो. मग गुण आले, पॉइंट्स. विकताना याला सोय म्हणतात, आणि ती सोय आहेच. पण सोय दोन्हीकडून असते. मंगळवार माझा, हे ज्या दिवशी सुटलं त्या दिवशी पाळी संपली आणि रांग सुरू झाली. पाळीत माझा नंबर ठरलेला असतो. रांगेत तो माझ्या पुढे कितीजण आहेत यावर ठरतो, आणि पुढे कितीजण असावेत हे सभासद करून घेणारी कंपनी ठरवते.

दुसरं लक्षणही असंच निसटलं. वर्षाची वर्गणी ठरवणारा एक आणि देणारा दुसरा. युरोपात याचे फार वाईट अनुभव आले. १९८०च्या दशकात स्पेनच्या किनाऱ्यावर आणि कॅनरी बेटांवर सुट्टीला गेलेल्या इंग्रज लोकांना रस्त्यावर गाठून, सभागृहात चार-चार तास बसवून सह्या घेतल्या जात. ओरड इतकी झाली की ब्रिटनने १९९२ मध्ये टाइमशेअरसाठी वेगळा कायदाच केला. सही केल्यावर चौदा दिवसांत कारण न देता करार मोडता येईल, अशी त्यात तरतूद होती. १९९४ मध्ये युरोपीय संघाने सगळ्या सदस्य देशांसाठी किमान दहा दिवस ठरवले, आणि तेवढ्या मुदतीत आगाऊ पैसे घ्यायला बंदी केली. २००८च्या सुधारित नियमात दहाचे चौदा झाले. स्पेनने १९९८ च्या कायद्यात जास्तीत जास्त ५० वर्षांची मर्यादा घातली होती. तरी ‘कायमचे’ करार विकले जात होतेच. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे करार रद्दबातल ठरवले. तोवर अनेक म्हातारे-म्हाताऱ्या, विमानात बसण्याची ताकद उरली नाही तरी वर्गणी भरत होते. अमेरिकेत तर नको झालेला आठवडा ई-बेवर एक डॉलरला विकायला ठेवलेला दिसतो. घेणाऱ्याला तो एका डॉलरलाही महाग असतो, कारण त्याच्या मागे वर्गणी येते.

आता आपल्याकडे या.

आपली सुट्टी म्हणजे मामाचा गाव. तिथे ना बुकिंग, ना वर्गणी. हवापालटाला जाणारे वेगळे. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्या नजरेस पडलं, १९०७ मध्ये तिथे छोटी गाडी गेली, आणि माथेरान, देवळाली, पाचगणी अशा ठिकाणी पारशी, गुजराती मंडळींच्या दानातून सॅनिटोरियमं उभी राहिली. आपल्या मध्यमवर्गाला पर्यटन लागलं ते बरंच पुढे, आणि माझ्या मते ते नोकरीबरोबर आलं. केंद्र सरकारच्या नोकरांना १९५६ पासून प्रवास सवलत मिळू लागली. बँकांची, आयुर्विम्याची हॉलिडे होम्स झाली. स्वयंपाकाचा गॅस, चार भांडी, दोन खोल्या, नाममात्र भाडं. तिथेही मे महिन्यात चिठ्ठ्या टाकाव्या लागत, पण चिठ्ठी न निघाल्याचं दुःख फुकट होतं.

खासगी नोकऱ्या वाढल्या तसा हा आधार गेला, आणि नेमका त्याच सुमारास टाइमशेअर इथे आला. १९८६ मध्ये मद्रासला स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स निघाली, १९९६ मध्ये महिंद्र समूहाने क्लब महिंद्र सुरू केलं. त्या काळात या कल्पनेत दम होता हे मान्य करायला हवं. थंड हवेच्या ठिकाणी एकतर पंचतारांकित हॉटेल नाहीतर ओल धरलेलं लॉज, मधलं काही फारसं नव्हतंच. आजी-आजोबा, मुलं असं सगळं कुटुंब एका छताखाली राहील, बाळाचं दूध गरम करता येईल, अशी स्वच्छ जागा मिळणं ही मोठी गोष्ट होती. आज इंटरनेटवर पाहून गुहागरच्या वाडीतलं घरही ठरवता येतं. एअरबीएनबी निघालं २००८ साली. म्हणजे तेव्हा जी उणीव भरून निघत होती, तिचा बराच भाग आता तसाही भरलेला आहे.

महाराष्ट्राला या इतिहासातलं एक कडू पान आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलमधल्या रात्री विकल्या, पण त्या न वापरल्यास मुदतीअखेर वाढीव रक्कम परत, अशा योजनेने. लोकांनी त्या रात्री झोपण्यासाठी घेतल्याच नव्हत्या, घेतल्या त्या ठेव म्हणून. जुलै २०१४ मध्ये सेबीने ही सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचं सांगून नवे पैसे घ्यायला मनाई केली, आणि २०१६ मध्ये परतफेडीचा आदेश दिला. सात हजार कोटींहून जास्त रक्कम आणि पन्नास लाखांहून जास्त माणसं. त्यांत गावोगावचे शिक्षक, पोस्टातले, एसटीतले निवृत्त लोक किती असतील! भाचीची कंपनी तसली नाही, ती खरोखर खोल्या देते. पण "वापरलं नाही तरी ही गुंतवणूकच आहे" हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडून तिलाही ऐकवलं गेलं आहे, म्हणून सांगितलं. आपल्याकडे युरोपसारखा टाइमशेअरपुरता वेगळा कायदा नाही. करार मोडायची मुदत कंपनीच्या कागदात लिहिली असेल तेवढीच. पुढे ग्राहक आयोग आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही कल्पना आली आहे, एवढी जमेची बाजू.

आता हिशेब. हा मी केला आणि ह्यांनी तपासला (हे गणिताचे).

समजा किंमत पाच लाख. तेच पाच लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवून, २५ वर्षांत व्याजासकट संपवायचे ठरवले, तर दर वर्षी सुमारे ४३ हजार काढता येतात. म्हणजे सभासदत्वाची खरी वार्षिक किंमत ४३ हजार. वर वर्गणी समजा २० हजार. झाले ६३ हजार, सात रात्रींना भागले तर रात्रीला ९ हजार. जेवण आणि प्रवास सोडून. वर्गणी दर वर्षी ६ टक्क्यांनी वाढते असं धरलं तर पंचविसाव्या वर्षी ती ८० हजारांच्या वर जाते, आणि २५ वर्षांत नुसती वर्गणीच सुमारे ११ लाख होते. मूळ किमतीच्या दुपटीहून जास्त! पहिल्या दिवशी चर्चा होते ती पाच लाखांवर, सवलत मिळते ती पाच लाखांत, आणि अकरा लाखांबद्दल कोणी घासाघीस करत नाही.

पण विक्रेत्याचीही एक बाजू खरी आहे. हॉटेलंही महाग होतात. ते ४३ हजार स्थिर राहतात, हॉटेलचं भाडं वाढत जातं. आज ५ हजारांची खोली दर वर्षी ६ टक्क्यांनी महाग होत गेली, तर एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी सभासदत्व स्वस्त पडायला लागतं. आणि आज ८ हजारांच्या खोलीत उतरणारं कुटुंब असेल तर चौथ्या-पाचव्या वर्षीच. म्हणजे प्रश्न "फायदा आहे का" असा नाहीच. हे नसतं तर तुम्ही दर वर्षी, न चुकता, सात रात्री, ८ हजारांच्या खोलीत राहिला असतात का, असा आहे. भाचीला विचारलं. ती म्हणाली, गेल्या पाच वर्षांत तीनदा गेलो, प्रत्येकी चार रात्री, आणि खोली साडेतीन हजारांची. चार वर्षांतून एक वर्ष जरी चुकलं आणि त्या रात्री वाया गेल्या, तरी आजची ९ हजारांची रात्र १२ हजारांना पडते. काही करारांत न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात, पण ज्यांना या वर्षी रजा नाही त्यांना पुढच्या वर्षी चौदा दिवसांची कुठून मिळणार?

आणि रजा मिळाली तरी शाळा आहे. मी ३० वर्षं परीक्षांच्या वेळापत्रकांत घालवली आहेत, त्यामुळे हे मला कोणी सांगायला नको. शाळेत जाणारं मूल असलेल्या घराला वर्षात ५२ आठवडे नसतातच. मे महिना, दिवाळी, नाताळचे चार दिवस, धरून-सवरून आठ-दहा आठवडे. सभासदांमध्ये अशी तरुण कुटुंबंच जास्त, म्हणजे सगळी रांग त्याच दहा आठवड्यांपुढे. म्हणून तर हंगामांना रंग देऊन वेगवेगळ्या किमती लावतात, आणि सर्वांत महाग रंग घेतला तरी त्या रंगातले सगळे तुमच्याबरोबर रांगेत असतातच. मूल कॉलेजात गेलं की आईबापाबरोबर यायचं नाही. म्हणजे २५ पैकी सात-आठ वर्षं ओढाताणीची, आणि मुलगी आली नाही की उरलेली दोघांची. दोघंच असतील तर ऑगस्टमध्येही जाता येतं, तेव्हा हे सभासदत्व खरं सुखाचं होतं. पण बहिणीचे गुडघे तोवर थांबणार नाहीत.

भाचीला मी "घे" म्हटलेलं नाही आणि "नको"ही नाही. पैसे तिचे, आई तिची. तिच्याकडून तीन गोष्टी मात्र कंपनीला लेखी विचारायला लावल्या. वर्गणी वाढवण्याला वरची मर्यादा आहे का. दहाव्या वर्षी सोडायचं म्हटलं तर पाच लाखांतलं किती परत मिळेल. आणि मे महिन्यात महाबळेश्वरला किंवा कोकणात खोली गेल्या तीन वर्षांत किती सभासदांनी मागितली आणि किती जणांना मिळाली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आली, कराराच्या कलमांचे आकडे देऊन. तिसऱ्याला आता सतरा दिवस झाले. सवलत या रविवारी संपते असा फोन मात्र सतरा दिवसांत चार वेळा आला आहे, दर वेळी वेगळ्या रविवारचा.